एकतीस घोडे, टपालखर्चासह

मी, थेल्मा बार्विक, वय एक्याऐंशी, राहणार व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट, टास्मानिया. माझे डोळे अधू झाले आहेत, डोकं शाबूत आहे. तशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. कोणी भरीस घातलं म्हणून नव्हे, तर माझ्या मर्जीने हे लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात मुलीचं नाव नव्हतं.

१. राहतं घर आणि मागची शेड माझी एकुलती एक मुलगी जॅनीन हिला. ती लॉन्सेस्टनला असते आणि सहा वर्षांत तिने मला एकही फोन केलेला नाही. तरी घर तिचंच.

२. माझे दिवंगत पती अर्नी बार्विक हे होड्या बांधणारे सुतार. त्यांचे रंधे आणि पटाशाही जॅनीनला. ही हत्यारं विकायची झाली तर बेटावरच विकावीत.

३. दीर मर्विन याला चिकटपट्टीची नऊ रिळं, न वापरलेली. होड्यांचं काम बंद पडल्यावर अर्नी झुलते लाकडी घोडे करू लागला, तेव्हा हाच म्हणाला होता, "अगं थेल्मा, इंटरनेटवर विका! दुकानाचं भाडं नाही की कटकट नाही. टपाल फुकट ठेव, लोक तुटून पडतील." लोक तुटून पडले, हे खरं आहे.

४. बँकेत उरलेले चारशे बारा डॉलर अंत्यविधीला लावावेत. बाकीचे कुठे गेले, ते जॅनीनसाठी इथे लिहिते.

घोडा दोनशे साठला जायचा. त्यातले पस्तीस विक्रीच्या संकेतस्थळाचे, पंचाण्णव लाकूड-रंगाचे आणि एकशे चाळीस टपालाचे. म्हणजे दर घोड्यामागे दहा डॉलर पदरचे. टपालवाले वजन नाही, खोक्याचं माप धरतात, आणि अर्नीला खोका मोठाच लागायचा. चारी बाजूंनी हातभर मेंढीची लोकर भरायचा.

"अरे, खोका जरा लहान घे ना," मी म्हणायची.

"आणि कान मोडला तर? पोरगं रडेल, थेल्मा. वाढदिवसाला रडेल."

खोका मोठाच राहिला. मी टपालखर्च वेगळा लावून पाहिला. त्या दिवसापासून एकही घोडा गेला नाही. अर्नी रोज सकाळी शेडमध्ये जाऊन नुसता बसायचा. दोन महिने बसला. मग एक दिवस मला म्हणाला, "माझे हात आता कुणाला नकोत गं." मला ते सहन झालं नाही.

मी ॲडलेडच्या माझ्या मैत्रिणीला, डॉट मॅकायला, फोन केला. टपाल पुन्हा फुकट केलं. डॉट निरनिराळ्या नावांनी घोडे मागवायची आणि पैसे मी तिला पाठवायची. पाच वर्षांत एकतीस घोडे गेले. डॉटला पाठवलेले दोनशे साठ फिरून आमच्याकडेच यायचे, पण दर घोड्यामागे दोनशे सत्तर खर्ची पडायचे. एकूण आठ हजार तीनशे सत्तर. अर्नी सुखात गेला.

त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी जॅनीनने बँकेचं पुस्तक पाहिलं आणि स्वयंपाकघरात मला गाठलं. "आई, बाबांचे पैसे जुगाराच्या मशीनमध्ये घातलेस ना? निदान आज तरी खोटं बोलू नकोस." बाहेर सगळं बेट अर्नीचे घोडे देशभर गेल्याचं कौतुक करत होतं. मी गप्प राहिले. पुढे मलाही हट्ट चढला. पोरी, माझं चुकलं. त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं.

५. डॉटने या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाहावी. तिच्या गॅरेजात एकतीस खोके आहेत आणि तिची गाडी इतकी वर्षं उन्हात उभी आहे, त्याबद्दल तिला माझा चहाचा निळा संच. खोके एकदाही उघडलेले नाहीत. ते जॅनीनचे. घोडे तिने लहान मुलांना स्वतःच्या हाताने द्यावेत, टपालाने नकोत.

६. प्रत्येक खोक्यात, लोकरीखाली, ज्या मुलासाठी घोडा त्याला अर्नीने लिहिलेली चिठ्ठी आहे. "या खेपेला कोणासाठी?" असं तो विचारायचा आणि मी मनाला येईल ते नाव ठोकून द्यायची. चोविसाव्या घोड्याच्या वेळी मला नाव सुचेना, म्हणून मी "जॅनीन" म्हणाले. बाकीच्यांना तो चार ओळी लिहायचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लिहीत बसला होता. खोक्यावर २४ आकडा आहे. तो जॅनीनने स्वतः उघडावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. खालील दोघांसमोर सही केली.

थेल्मा बार्विक (सही)

साक्षीदार:
१. कॉलिन रडक, मेंढपाळ, व्हाइटमार्क (सही)
२. हेदर स्टॅकपूल, परिचारिका, लेडी बॅरन (सही)

व्हाइटमार्क, दिनांक ९ मे २०२३