खाचांची पट्टी

मंगळवार, १० जानेवारी १९६१

पट्ट्या बंद! बाटलीवर खाचांची पट्टी आजपासून लावायची नाही — नव्या डॉक्टरांचा हुकूम. तोही सगळ्या पेशंटसमोर. "नत्थुजी, ते जुनं झालं. आता छापील लेबल." लेबलावर काय, तर 'दहा मिलिलिटर, दिवसातून तीन वेळा'. या अकोल्यात मिलिलिटर कोणी डोळ्यांनी पाहिला आहे का?

चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली. शिक्षण चौथीपर्यंत. पण कागद दुमडून सहा खाचा पाडल्या आणि बाटलीला चिकटवल्या की माणूस सुटला. एका खाचेपर्यंत प्यायचं, थांबायचं. वाचायचं नाही, मोजायचं नाही, लक्षात ठेवायचं नाही. आधीचे थोरले डॉक्टर असते तर — जाऊ दे.

बुधवार, ११ जानेवारी

आज मला औषधाच्या टेबलावरूनच उठवलं! तिथे आता सर्टिफिकेटवाला नवा कंपाउंडर बसतो. मी दारात नंबर वाटायचे. मालिशच्या औषधाला मी खरबरीत बाटली वापरायचो, अंधारातही हाताला कळावी म्हणून. सकाळच्या पुड्यांना लाल दोरा बांधायचो. त्याने दोऱ्याचं रीळ उचलून खाली ठेवून दिलं.

डॉक्टर म्हणतात, "लोकांनी शिकायला हवं." शिकतील हो! पण पोर तापाने फणफणत असताना शिकतील? बाईच्या डोक्यात चूल, पाणी, मजुरी, आजारी लेकरू. तिथे आणखी एक आकडा कशाला कोंबता? तो तुमच्या डोक्यात ठेवा, तिथे जागा आहे!

गुरुवार, १२ जानेवारी

जानराव हमाल दोन दिवसांची बाटली एका दिवसात संपवून आला. "थे चिठ्ठी वाचाले कोनाले आनू?" म्हणाला. सर्टिफिकेटवाला हसला. हसला!

शुक्रवार, १३ जानेवारी

ठरवलं. घरी बसून चाळीस पट्ट्या कापल्या. नेहमीच्या बाटलीचं माप हातात बसलेलं आहे, पाहायचीही गरज नाही. दुर्गा ओरडली, "अवो, काहून हा उपद्व्याप करून राहिले? हाये थे कामबी जाईन. या वयात कोन ठेवते तुमाले?" मी कात्री चालवतच राहिलो. दोन पट्ट्या वाया गेल्या.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. तरी दवाखाना भरलेला. जो निघेल त्याच्या हातात दारातच गुपचूप पट्टी. "घरी गेल्यावर खळीनं चिकटव, वरचं टोक औषधाच्या बरोबरीनं." सगळ्यांना एका शब्दात समजलं.

गाद्या भरणारी कुलसुमबी आली होती. नात फरजाना सहा वर्षांची, खोकून खोकून निळी पडते. बाई बाटली ओढणीखाली धरून निघाली होती. पट्टी दिली तर रडायलाच लागली. "भाऊ, हे बरं केलं. थ्या कागदाचं मले काईच समजत नोतं." तिळगूळ खाल्ल्यासारखं वाटलं. कुणाला भ्यायचं आता?

रविवार, १५ जानेवारी

फरजाना उठत नाही! कुलसुमबीने सकाळी खांद्यावर टाकून आणली. मान लोंबत होती. खोकल्याच्या औषधात गुंगीचा अंश असतो. डॉक्टरांनी विचारलं, बाटली कुठे? संपली म्हणाली. एका दिवसात!

डॉक्टर सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले. "दुप्पट पाजलंस! लेबलावर स्पष्ट लिहिलंय!" ती पोरीला छातीशी धरून उभी. तेव्हा माझा तोल सुटला. "तिला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं! लेबलाने पोर मारली तुमच्या!" जन्मात साहेबावर आवाज चढवला नव्हता. म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

नाही जात! पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं आहे. बरोबर बोललो मी. पुन्हा बोलेन.

सोमवार, १६ जानेवारी

अजून डोळे उघडले नाहीत. जेवण गेलं नाही.

मंगळवार, १७ जानेवारी

शुद्धीवर आली! पाणी मागितलं म्हणे. दुर्गाने देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, आता त्या डॉक्टरला गावभर उघडा पाडतो. सगळ्यांना सांगतो, त्या लेबलापायी काय झालं ते.

बुधवार, १८ जानेवारी

कुलसुमबीच्या घरी गेलो. कोनाड्यात बाटली होती. दवाखान्यातली नव्हे, घरून नेलेली, तेलाची. बूड आमच्या बाटलीच्या दुप्पट. तिच्यावर माझी पट्टी, नीट, सरळ. एका खाचेत दोन खाचांचं औषध; तीन खाचांतच संपलेलं. उरलेल्या तीन तिने बुडाखाली दुमडून चिकटवल्या होत्या.

"भाऊ, डाक्टर म्हन्ते माही चूक. मी तं खाच पाहूनच पाजलं."

तुझी चूक नाही, एवढं म्हणालो. कोणाची, ते तोंडातून निघालं नाही.