बिनआवाजाची गाडी

रिठद, ६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,

वैजूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते अन् तुमी भलतंच ऐकता, म्हनून आपलं पत्रच बरं. बातमी अशी की यायनं, तुमच्या जावयानं, बॅटरीची गाडी घेतली. शेजारच्या विकासची दोन वर्षांआधीची गाडी अर्ध्या रस्त्यात दम टाकते. ही नवीन मात्र एका चार्जिंगमधी भाजीचे कॅरेट लादून वाशीमले दोनदा जाऊन येते. धूर नाही, आवाज तर अजिबात नाही.

गंमत सांगते. आमच्या मामाजीचे, म्हनजे माझ्या सासऱ्यायचे, डोळे काचबिंदूनं गेले, तरी ते रोज सकाळी काठी घेऊन एकटे मळ्यात जातात. कोनाची गाडी आली ते दुरूनच आवाजावरून सांगतात. परवा हे मागून आले अन् गाडी धोतराले घासून गेली, तवा कुठं त्यायले समजलं. घरी येऊन दोघं बापलेक लय हासले. मामाजी म्हने, सूनबाई, तुह्या नवऱ्यानं भुताची गाडी आनली.

तब्येत जपा. लेकीवर माया ठेवा.

तुमची, वैजू

आसेगाव, १५ ऑक्टोबर

चि. सौ. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

गाडी घेतली, बरं वाटलं. पन ते गमतीचं वाचून मले हासू नाही आलं. मागच्या बाजारात माझ्या पाठीमागं जीप हॉर्न वाजवत उभी होती अन् मी मधोमध टमाटे निवडत होतो. मी बहिरा हाय, पन मले मागं वळून पाहता येते. तुझ्या सासऱ्याले जेवढं ऐकू येते तेवढाच त्यायचा रस्ता. जावईबापूंले सांग, बाप दिसला की हॉर्न दाबत जा. रागावले तर म्हनावं, या बहिऱ्या म्हाताऱ्याचं एकदा ऐका.

पत्र टाकत राहा, वाट पाहतो.

तुझा बाप, बबनराव

रिठद, २ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस सा. न.

तुमचा निरोप सांगितला. चार दिवस हॉर्न वाजला. मंग हे म्हने, घाईत कोन दाबत बसते. गावात आता अशा अकरा गाड्या झाल्या.

मामाजी बदलले, बाबा. दहा पावलं चालतात, थांबतात, मान वाकडी करून ऐकतात. काल भर सकाळी रस्त्यावर कोनी नव्हतं, तरी ते देवळाच्या भिंतीले पाठ लावून उभे होते. काहून उभे हा म्हनून विचारलं, तर म्हने, काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं, म्हनूनच भेव वाटते. सासूबाई म्हनतात घरी बसा. ते ऐकत नाहीत. माझं कामात चित्त लागत नाही.

आशीर्वाद असू द्या.

वैजू

रिठद, २१ डिसेंबर

बाबा, नमस्कार.

वाईट घडलं. सोमवारी सकाळी मळ्याच्या वळनावर मामाजीले गाडीनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. गावातला रतनसिंग ट्रॅक्टर घेऊन मागून येत होता, त्यानं पाहिलं अन् वाशीमच्या दवाखान्यात नेलं. धडक देनारा निघून गेला होता. हे बाजारातून धावत आले, बापाचे पाय धरून रडले. म्हने, त्या मानसाले मी सोडनार नाही.

काल सासूबाई डबा आनाले गेल्या, तवा मामाजीनं मले जवळ बोलावलं. म्हने, पडल्यावर मले शुद्ध होती, पन तोंडातून शब्द निघेना. गाडी थांबली होती. मानूस जवळ आला, उभा राह्यला, अन् गेला. त्याच्या अंगाले मेथीचा वास होता. एवढं बोलून त्यायनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

बाबा, त्या सकाळी मेथीच्या साठ जुड्या मीच यायले बांधून देल्ल्या होत्या. गावातून दुसऱ्या कोनाचीच मेथी गेली नाही. रोज हे बापाचं अंग पुसून देतात, अन् मी पाहत उभी राहते. मी काय करू?

वैजू

आसेगाव, २६ डिसेंबर

चि. वैजूस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पोरी, चारचौघांत बोभाटा करू नको, पन गप्पही राहू नको. नवऱ्याले समोर बसवून विचार. खोटं बोलला तर इकडं निघून ये, दार उघडं हाय. खरं बोलला तर त्याले बापासमोर घेऊन जा, अन् तू बाजूले उभी राहा. बोलावलं तर लगेच निघतो.

बाप

वाशीम, ३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,

मी विचारलं. यायनं सगळं सांगितलं. वळनावर मोबाईल पाहून राह्यले होते. बाप पडल्यावर उतरले, जवळ गेले. कोनी पाहिलं नाही म्हनून निघून गेले.

आज यायले मामाजीपाशी नेलं. खाटेजवळ बसून यायनं कबूल केलं. मामाजीनं चाचपडत यायचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला. वाटलं, मिटलं. मंग ते शांतपनं म्हनाले, पोरा हरीओम, धडक झाली त्याचं मी काही म्हनत नाही. मले फक्त एवढं सांग, मले टाकून तू गेला, तवा मी तुले मेलेला वाटलो का जिता?

मी बाहेर व्हरांड्यात येऊन हे लिहून राह्यली. दार अर्धं उघडं हाय. मामाजीचा हात अजून यायच्या डोक्यावर हाय, अन् आत कोनीच बोलून नाही राह्यलं.

बाबा, तुमी या.

वैजू