उघाडीची राखण

वसई, खाडीकाठ
१० ऑगस्ट २०२५

चि. भूपेश,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वापीचा पोस्टमन तरी तुझ्या दाराशी येईल, त्याला कट करता येणार नाही. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

घरी सगळं बरं. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझी आतेबहीण रीमाताई एव्हरशाईनच्या तिच्या घरून येऊन गेली, तुझ्यासाठी मुली बघते म्हणाली. मी म्हटलं, बाई, आधी मुलगा तरी दिसू दे! तुझं मनगट कसं आहे? पावसात ठणकतं का? तेल लावतोस की नुसता आळस?

आणि भात छान आहे. खरंच. गेल्या वर्षी खारं पाणी शिरून सगळं करपलं, ते बघूनच तू गेलास. या वर्षी हिरवंगार आहे. का, ते सांगते, पण पत्र शेवटपर्यंत वाचायचं, मधेच फाडायचं नाही. तुला बाबांची शपथ.

पावसाचं तुला माहीतच आहे. पूर्वी चार दिवसांत पडायचा तेवढा आता एका दुपारी ओततो, आणि भरतीही बांधाच्या वरच्या दगडाला लागते. शेतांपलीकडच्या सागरदीप सोसायटीचं सगळं पाणी बांधातल्या फळ्यांच्या दारातून, आपल्याच उघाडीतून, खाडीला जातं. भरतीला आपण उघाडीच्या फळ्या खाली टाकल्या की त्यांना वाटायचं, गाववाले मुद्दाम आपल्याला बुडवतात. गेल्या जुलैत म्हणूनच ते पहारी घेऊन आले आणि भर भरतीत फळ्या उपसल्या. खाडी आत आली. आपलं शेत गेलं आणि त्यांची तळमजल्याची घरंही गेली. तुझा हात मोडला, तूही त्यांच्यातल्या दोघांची डोकी फोडलीस. मग गावाने त्यांची बांधावरची वाट अडवली, त्यांनी आपल्या बायकांकडून भाजी-मासळी घेणं सोडलं. आणि तू म्हणालास, ही माणसं पुन्हा बांधावर चढली तर मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

वैशाखात त्यांची आशालता आली, एकटीच. साताऱ्याकडची बाई, तोंडाची फटकळ, माझ्यासारखीच. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पुतळाबाई, भांडायचं तेवढं भांडून घ्या. पण येत्या पावसात काय करायचं, ते ठरवल्याशिवाय मी उठणार नाही."

मग काय, भांडले. तीही भांडली. दोघींचे घसे कोरडे पडले तेव्हा चहा टाकला. नंतर तिने मला तिच्या घरात नेलं. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीएवढी उंच होती रे. मी तिला आपलं शेत दाखवलं. मातीवर मीठ आलेलं होतं. तिने चिमूटभर उचलून जिभेला लावलं.

मग तिनेच विचारलं, ओहोटीलाही पाणी का तुंबतं? बघायला गेलो. उघाडीच्या तोंडाशी मासळीसाठी लावलेली आपलीच जाळी, आणि त्यात हा एवढा प्लास्टिकचा गोळा. तुझंही जाळं होतं त्यात. ते मी काढलं, माळ्यावर ठेवलंय. राग आला तर येऊ दे.

आम्ही बायकांनी ठरवलं, दोन्हीकडची माणसं एकत्र उभी राहिल्याशिवाय हा संशय जायचा नाही. पण गाव ऐकेना. गावचा रिवाज असा, उघाडीची राखण शेतवाल्या घरांनी पाळीपाळीने करायची, नवं घर त्यात घेता येत नाही. एखाद्या घराने देवळात नारळ फोडून आपली पाळी दिली तरच. बाबांनंतर आपली पाळी तू सांभाळायचास, तू गेल्यावर ती रिकामीच होती. तर मी नारळ घेऊन देवळात उभी राहिले आणि आपल्या घरची राखण सागरदीपला दिली.

हरेश्वरकाका उसळलेच. "वयनी, तुमचं डोकं ठिकानावर आहे ना? खारं पानी आत घेनाऱ्यांना उघाडी देता?" मी म्हटलं, भाऊजी, माझं घर, माझा नारळ, तुम्ही फक्त फोडा. फोडला त्यांनी, पण तोंड वाकडं करून.

दिव्यांच्या अवसेला आभाळ फाटलं. दुपारी भरती चढली. उघाडीवर आपल्याकडून नथू आणि त्यांचा माणूस. पाणी सोसायटीत शिरलं तशी आशालता फोनवर ओरडायला लागली, "अहो, फळ्या काढा! घरात गुडघाभर पाणी आलंय!" तो फळ्यांकडे गेला. नथू म्हणतो, मला वाटलं आता काढतोय. पण तो वाकला, बाहेर खाडी किती वर आहे ते पाहिलं आणि फोनवर म्हणाला, "नाही काढत. आत्ता काढल्या तर सगळेच बुडू. सामान वर टाक." बोलताना रडत होता म्हणे. ओहोटी लागेपर्यंत दोघं तिथेच भिजत उभे राहिले, मग दोघांनी मिळून फळ्या उचलल्या. दिवेलागणीला पाणी उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाव झाडू-घमेली घेऊन सागरदीपमध्ये गेलं. पहिला झाडू हरेश्वरकाकांच्या हातात! बांधावरची वाटही मोकळी झाली. सगळं गोडगोड झालं असं नाही हं, दोन्हीकडे कुरकुरणारे आहेतच. पण आता समोर येऊन कुरकुरतात.

त्या माणसाचं नाव मी टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आशालताचा नवरा, श्रीरंग. हो, तोच, तुला बांधावरून ढकलणारा. आपल्या घरची राखण त्याच्याकडे आहे. माझ्याकडून कोणी फसवून घेतली नाही, मी माझ्या हाताने दिली, आणि परत मागणार नाही. त्याला तुझी माफी मागायचीय. फोनवर नको, समोर उभा राहून मागेन म्हणतो.

आता प्रत्येक भरतीला दोघं, एक गावचा, एक सोसायटीचा. पिठोरी अवसेच्या दुपारी मोठी भरती आहे, श्रीरंग असणार. त्याच्या जोडीची जागा रिकामी ठेवा, असं मी काकांना सांगितलंय. कोणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी पूजा. गेल्या पिठोरीला वाण डोक्यावरून मागे धरलं, "अतीत कोण?" म्हणून विचारलं. मागून मुलाने "मी" म्हणून ते घ्यायचं असतं, पण कोणी म्हणालं नाही. हात भरून आले तेव्हा वाण खाली ठेवलं, आणि खूप रडले रे बाळा.

या वर्षीही विचारणार आहे. वळून बघायचं नसतं, म्हणून बघणार नाही. तूच आवाज दे.

तुझीच,
आई
(पुतळाबाई)