हनुवटीवरचा केस माझाच आहे

प्रिय ताई,

फोनवर तू 'बरं, बरं' करून ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. आईनं माझ्या गोळ्या काढून घेतल्यात, आणि या वेळी यात माझी काहीएक करामत नाही.

सुरुवात काकूनं केली. दुकानात नाटकवाल्यांची मोठी ऑर्डर होती, आम्ही दोघी खोट्या दाढ्या विंचरत बसलो होतो. काकूनं माझ्या हनुवटीकडे बघितलं, म्हणाली, 'परत डिंक लावून बसलीस? भाड्याचा माल आहे तो,' आणि चिमटीत धरून ओढला. डोळ्यांतून पाणी आलं गं. माझ्या स्वतःच्या हनुवटीचा केस होता तो. मी किंचाळले तर बाबा आतून म्हणतात, 'नाटकं बंद कर.' नाटकाच्या कपड्यांवर घर चालवणाऱ्या माणसानं हे म्हणावं. आता मागे एकदा झोपलेल्या बाबांना सेनापतीची मिशी मीच चिकटवली होती आणि ते तसेच बँकेत जाऊन आले, हे खरं. पण म्हणून माझं अख्खं अंगच खोटं का?

पाळी महिनोन्महिने यायची नाही तेव्हाही आई म्हणाली, 'सुटलीस, मजा कर.' शेवटी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, पीसीओएस आहे म्हणाल्या आणि पाळीसाठी गोळ्या दिल्या. घरी सांगितलं तर प्रत्येकाचं ज्ञान तयारच. काकू म्हणे पोटात गाठी झाल्यात, आता कापणार. शेजारीण म्हणे हा जाड्या मुलींचा आजार, कमी खा. माझ्या मापानं राजकन्येचे कपडे आत घ्यावे लागतात, अजून किती कमी खाऊ? अगं, त्या गाठी नाहीतच. बीजं असतात, पिकायच्या आधीच अडून बसलेली. पुरुषी हार्मोन प्रत्येक बाईत थोडा असतोच, माझ्यात जरा जास्त झालाय. म्हणून केस, म्हणून पिंपल्स, म्हणून पाळीचा पत्ता नाही. हे मला कळलं, दहावीला दोनदा बसलेलीला. यांना का कळू नये?

मग आई गोळ्यांचं पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात. तिथला माणूस म्हणाला, या मूल होऊ नये म्हणून घेतात. पाळी नीट यावी म्हणूनही डॉक्टर याच देतात, हे त्यानं सांगेपर्यंत आई रस्ता ओलांडून घरी पोचली होती. तेव्हापासून सकाळी 'हिला आता मूल होणार नाही' म्हणून रडते आणि संध्याकाळी 'मूल होऊ नये म्हणून गोळ्या खाते' म्हणून ओरडते. मी म्हटलं, आई, दोन्हीतलं एक काहीतरी ठरव. तर तिनं गोळ्या मुकुटांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आणि तू काय म्हणालीस? 'मलाही पहिल्यापासून असंच आहे, पण असलं कुणाला सांगायचं नसतं.' आणि फोन ठेवला.

गोळ्यांचं मी बघते, उद्या आईला धरून डॉक्टरीणबाईंसमोर बसवणार आहे. पत्र त्यासाठी नाहीच. तुझ्या ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्याला तू लग्नाला नाही म्हणालीस, असं आई म्हणाली. ज्याचा एकेक फालतू जोक तू मला तीन-तीनदा ऐकवतेस, तोच ना? आईला कारण कळलं नाही, मला कळलं. तुला मूल होणार नाही असं कोण म्हणालं? कुठला डॉक्टर? तू तर साधं रक्तही तपासून घेतलेलं नाहीस, काकू कधीतरी काहीतरी बोलली, तेवढंच धरून बसलीस. मी डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न घेता विचारलं. म्हणाल्या, बहिणीबहिणींत असू शकतं, आणि पुष्कळ जणींना मुलं होतात, कुणाला आपोआप, कुणाला औषधं घेऊन. खात्री त्या कुणालाच देत नाहीत, पण न तपासता 'नाही'सुद्धा म्हणत नाहीत. तू आधी तपासून ये. मग त्याला सगळं सांग. ऐकून त्याला नको वाटलं तर नाही म्हणायला त्याला तोंड आहे. त्याच्या वाटणीचं 'नाही' तू कशाला म्हणतेस?

तुझीच, खूप चिडलेली,
टिचकी