मुदत न घातलेला नवस

मेक्लोंग,
१९ फेब्रुवारी, बुद्धसंवत २५३९

प्रिय प्रयूनदादा,

लमाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे जिवंत आहेत. काही जण तर बरेही आहेत. बांगडा स्वस्त झालाय, पपनस महागलंय, आणि आपल्या रेडिओ स्टेशनच्या जिन्यातला दिवा अजून तसाच लुकलुकतो. भुतांच्या कार्यक्रमाला शोभतो म्हणून तो कुणी बदलत नाही.

तुमचं पत्र पोचलं. सासऱ्यांची संत्र्याची बाग बघायला म्हणून तुम्ही पार उत्तरेत, डोंगरातल्या नानला गेलात आणि इतक्या महिन्यांत एकाही पत्रात संत्र्याबद्दल एक अक्षर नाही. एवढा अलिप्त बागाईतदार मी पाहिला नाही.

एप्रिलात सोंगक्रानला परत येताय, हे वाचून बरं वाटलं. येताच नव्या वर्षाच्या खास कार्यक्रमात वाचायला नवीकोरी, तासाभराची गोष्ट हवी, हे वाचून तितकंसं बरं वाटलं नाही. मॅनेजरही परवा हेच म्हणाला.

"ताई, वर्ष होत आलं, जुन्याच गोष्टी वाजवतोय. भूत कुठून येणार ते लोकांना पाठ झालंय."

"मग भुताचीच सोय झाली की. स्वतःची ओळख सांगावी लागत नाही."

"चेष्टा नको. सोंगक्रानला नवी गोष्ट आली तर ठीक. नाहीतर शनिवारचा तास गाण्याच्या स्पर्धेला देतोय."

तेव्हा प्रसंग बाका आहे, हे मलाही कळतं. पण दादा, माझं मनगट सुजलंय. टाइपरायटरचंही काहीतरी बिनसलंय. तेव्हा या खेपेला दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.

"या वेळी तरी नायक गाढव नको," असं लिहिता. अहो, शहाणा माणूस भुताच्या गोष्टीत येऊन करणार काय? पडक्या विहिरीतून हाक आली तर तो घरी जाऊन जेवेल. नवऱ्याने कधी घराबाहेर पडू नये असा नवस बोलणारी आपली ती बाई आठवते ना? नवरा अंथरुणाला खिळला आणि तिने त्याला जन्मभर चमच्याने भरवलं. ती बाई समजूतदार असती तर आपण दोघं उपाशी मेलो असतो. हावरी, उतावळी, आपल्याला सगळं कळतं असं समजणारी माणसं वीस वर्षं आपला भात शिजवत आली आहेत. त्यांना नावं ठेवू नका.

वन्नीवहिनींना नमस्कार. संत्र्यांनाही.

तुमची,
लमाई

*

मेक्लोंग,
१४ मार्च

प्रिय प्रयूनदादा,

मनगटाची चौकशी केलीत, आभारी आहे. ते उतरलं. हो, नारळाच्या साखरेच्या कारखान्यातली ती रेडिओवर सकाळी लागणारी प्रेमकथा मीच लिहितेय, आणि हो, ती त्याच टाइपरायटरवर लिहितेय. वहिनींचे कान इतके तिखट असतील आणि आपल्या स्टेशनचा आवाज नानपर्यंत पोचत असेल, असं वाटलं नव्हतं. की कुणी चहाडी केली?

प्रेमकथा मात्र जमत नाही. दुसऱ्याच भागात नायक मुलीच्या घरी गेला, तर दार आपोआप उघडलं. मी खोडलं. मग मुलगी हसली, पण आरशात हसली नाही. तेही खोडलं. आता दोघं पाचव्या भागापासून नुसती पाक ढवळतायत. ऐकणाऱ्या बायका म्हणतात, फार संयमी प्रेम आहे.

"लिहायचं नसेल तर तसं सांग, बहाणे नकोत. माझ्याशी वाकडं आहे का?" असं तुम्ही विचारलंत. वाकडं नाही. लिहायचं नाही असंही नाही. रोज सकाळी दात घासताना दोन गोष्टी सुचतात, त्या मी चूळ भरताना टाकून देते. यापुढे विचारू नका.

तुम्ही पाठवलेली कॅसेट मिळाली. डोंगरातल्या हवेने आवाज जाड झालाय म्हणता. असेल. डोंगरातली हवा बरंच काय काय करते. पूर्वी तुम्ही वाचायचात तेव्हा वाटायचं, भुताबद्दल कुणीतरी भला माणूस सांगतोय. आता वाटतं, भूतच बोलतंय आणि त्याला मुळीच घाई नाही. नुसतं "लमाई, कशी आहेस" म्हणालात, तर बाजूला झोपलेलं मांजर उठून गेलं. मी पुन्हा पुन्हा ऐकली. बॅटरी संपली तेव्हा कळलं की भात करपलाय.

असा आवाज या देशात दुसरा नाही. आणि त्याला वाचायला माझ्याकडे साखरेचा पाक आहे. हसू येतं हो, दुसरं काय.

लमाई

*

मेक्लोंग,
२९ मार्च

प्रिय प्रयूनदादा,

तुमचं पत्र चारच ओळींचं होतं. "तू लिहिणार नसशील तर मी येऊन काय करू? मॅनेजरला कळवून टाकतो, तास देऊन टाक." वाचलं आणि ताटावरून उठले. कळवू नका. आधी हे वाचा, आणि बसून वाचा.

मला ठाऊक आहे. संत्री नव्हती. तुमच्या घशात गाठ होती, आणि ती काढायला तुम्ही बँकॉकला गेला होतात. वहिनींनी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला फोन केला. कुणालाही सांगू नये म्हणून तुम्ही त्यांना शपथ घातली होती, तीही त्यांनी सांगितली, आणि मग रडल्या. त्यांना काही बोलाल तर गाठ माझ्याशी आहे. एवढा मोठा धक्का नवऱ्याच्या अभिमानापायी एकटीने पोटात ठेवायचा म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही तेव्हा गुंगीत होतात.

"गाठ निघेल म्हणतात, आवाजाचं सांगता येत नाही म्हणतात." एवढंच त्यांचं वाक्य. मी फोन ठेवला आणि पायात होत्या त्या रबरी चपलांनिशी बाजारामागे, नवसाला पावणारी ताखियनआजी ज्यात राहते त्या झाडाकडे गेले.

हो, मीच. नवस बोलणाऱ्यांची वीस वर्षं टर उडवणारी. झाडापाशी रांग होती. पुढचा माणूस मुलाच्या परीक्षेसाठी उकडलेली अंडी बोलला. त्याच्या पुढची बाई लाल सरबताच्या बाटल्या आणि आजीला रेशमी पोशाख. मला वाटलं, एवढ्या आवाजाला अंडी? आपण काय साधी माणसं आहोत? आपण मोठं काहीतरी द्यायचं. मी उदबत्ती धरली आणि मोठ्याने बोलून मोकळी झाले: "त्यांचा आवाज राहू दे, मी पुन्हा भुताची गोष्ट लिहिणार नाही."

आजीने आवाज दिला. नुसता राखला नाही, वर आणखी घडवून दिला. भुताच्या गोष्टीसाठीच जन्माला आलेला आवाज दिला, आणि गोष्ट माझ्याकडून काढून घेतली. माझ्याच एखाद्या गोष्टीत हे आलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "लमाईबाई, शेवट ओढूनताणून आणलाय."

तुमचं परवाचं पत्र घेऊन मी तडक झाडाकडे गेले. झाडाची देखभाल करणाऱ्या बुन्नाकमावशी तुम्हाला माहीत आहेत. पान खातात आणि देवाधर्मातलं सगळं त्यांना विचारूनच होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पान थुंकलं.

"मुदत किती घातलीस?"

"मुदत?"

"अगं, नवसाला मुदत घालतात. वर्षभर मांस खाणार नाही, महिनाभर पांढरं नेसेन. दिलं, फिटलं, मोकळी. तू काय बोललीस?"

"पुन्हा लिहिणार नाही, म्हणाले."

"पुन्हा म्हणजे कधीपर्यंत?"

"मावशी, ते बोललेच नाही."

"शहरात शिकलीस ना तू?" एवढंच त्या म्हणाल्या, पण बाजूच्या उदबत्तीवालीला हाक मारून तिलाही सांगितलं. दोघी बराच वेळ हसल्या. मीही हसले. दुसरी कुणी असती तर मी तिच्यावर तासाभराची गोष्ट लिहिली असती.

मग आजीशी घासाघीस सुरू झाली. लाकडाचे ते दोन तुकडे तुम्हाला ठाऊकच आहेत. एक पालथा, एक उताणा पडला तर आजीचा होकार. मी अंडी देऊ केली. दोन्ही पालथे. झाडापुढे मुलींचा नाच देऊ केला. दोन्ही उताणे. मी स्वतः नाचेन म्हटलं, तर एक तुकडा उडून गटारात गेला.

"ते नको म्हणतेय," मावशी म्हणाल्या. "मलाही नको."

मी खाली बसले. मावशी तुकडा धुऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"ज्याच्यासाठी बोललीस त्याला माहीत आहे का हे?"

"नाही. त्यांचं आजारपण मला माहीत आहे, हेच त्यांना माहीत नाही."

"मग दुसऱ्याच्या गळ्याचा सौदा तू एकटी कशी मोडणार? त्याला येऊ दे. त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं, तर सोडशील का तिला, असं विचार."

विचारलं. एक पालथा, एक उताणा. मावशी म्हणाल्या, खात्रीसाठी आणखी दोनदा टाक. दोनदा टाकले. दोन्ही वेळा तेच.

तर असं आहे. तुम्ही सोंगक्रानच्या आधी यायचं, झाडासमोर उभं राहायचं, आणि त्या नव्या आवाजात म्हणायचं की लमाईला मोकळी करा. त्यासाठी चारचौघांत कबूल करावं लागेल की तुम्ही आजारी होतात. झाडाजवळ नेहमी गर्दी असते आणि बुन्नाकमावशींच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला ते किती जड जाईल, हे जाणूनच मी इतके दिवस मनगटाची सोंगं केली.

आणखी एक. लाकडाचे तुकडे चुकू शकतात. मी लिहिलं आणि तुमचा आवाज गेला, असं झालं तर? दिवसा मी या विचाराला हसते. पण हसून झाल्यावरही कागद काही मशीनमध्ये लावत नाही. तुमच्या गळ्यावर मी एकदा तुम्हाला न विचारता बोली लावली. दुसऱ्यांदा लावणार नाही. म्हणून ठरवायचं तुम्ही. आलात, तर त्याच दुपारी लिहायला बसेन. नाही आलात, तर रागावणार नाही. शनिवारी गाण्याची स्पर्धा ऐकू आणि दोघं मिळून तिला नावं ठेवू. सौदा तोट्याचा झाला, असं मला एकदाही वाटलेलं नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगण्याची माझी छाती नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

थंड पाणी पिऊ नका. विनाकारण बोलू नका. लागलं तर वहिनींशी बोला, त्यांचं बरंच ऐकायचं राहिलंय.

अजून तरी बोललेलं पाळणारी,
लमाई