भंडाऱ्याची पहिली मूठ

शिरूर, २२ जून २०२५

तीर्थरूप आप्पांस,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. प्रांजल चौथीच्या वर्गात बसू लागली. निघताना तुम्ही गाडी वळेपर्यंत मेंढरांकडे तोंड करून उभे होतात. प्रांजल वाटभर रडली. मी तिला रागावले, कारण नाहीतर मीही रडले असते.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की वर्षात तिचा नंबर एकाने वाढलाय आणि ती मोठी होईल तसा आणखी वाढेल. चष्म्याने दिसतं, पण साधा चष्मा ही वाढ आवरत नाही. म्हणून त्यांनी मुलांसाठीच्या खास मऊ लेन्स दिल्यात. सकाळी डोळ्यात घालायच्या, झोपण्यापूर्वी काढून टाकायच्या, दुसऱ्या दिवशी नवी जोडी. आलेला नंबर त्याने जात नाही, पुढची वाढ तेवढी हळू होते. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही, आणि मधूनमधून तपासायला न्यायचं. राहू गावात हे कोण बघणार होतं, सांगा.

व्हिडिओचा फोन मी बंद केलाय. तुमचं तोंड बघायला ती फोन अगदी नाकाला लावते. नुसत्या आवाजाचा फोन तुम्हाला ऐकू येत नाही. तेव्हा आता कागदच.

तुमचा मल्हार वारल्यावर मी नोकरीसाठी इथे आले, तेव्हा पोर तुमच्यापाशी ठेवूनच आले होते. आता वस्तीवर म्हणतात, की म्हस्कूआप्पाची सून पोर घेऊन गेली ती कायमची. तुम्ही तसं समजू नका. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
मोनिका


राहू, ६ जुलै २०२५

चि. मोनिकास,
आप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पावला. पुण्यात बसून तुझ्या डॉक्टरीणबाई उंटावरून शेळ्या हाकतात असं मला वाटतं. आमच्या सात पिढ्यांत कुणाला चष्मा नाही. माझा बाप माळावर उभा राहून पलीकडच्या कळपातलं लंगडं मेंढरू ओळखायचा. आणि आता नातीच्या डोळ्यात रोज काच घालायची. काच नाही, मऊ असते, हे तू लिहिलंस ते वाचलं. तरी माझं बोट आपोआप माझ्याच डोळ्याकडे गेलं.

शेजारचा हनुमंत म्हणतो, "आप्पा, तिकडं पोरीचं चांगलं हुईल, तुमी जिवाला लावून घेऊ नगा." त्याचं खरं असेल. पण सकाळी हाक मारायला कुणी नाही. सवयीने दोन भाकरी जास्त थापतो आणि कुत्र्याला घालतो. कुत्रं तेवढं माजलंय.

एक मागणं आहे. दसऱ्याला बिरोबाची जत्रा. भंडाऱ्याची पहिली मूठ आपल्या घरच्या लेकराने उधळायची, हे तुला ठाऊकच आहे. आधी मल्हार उधळायचा, तो गेल्यावर प्रांजल. या वेळी ती आली नाही, तर ती मूठ दुसऱ्या घराकडे जाईल आणि मग परत येणार नाही. पोरीला पाठव.

कागदात खाडा करू नकोस.

तुझा,
आप्पा


शिरूर, २१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रांजलला पाठवते. मला कंपनीतून सुट्टी नाही, म्हणून आमच्या मजल्यावरचे जयसिंगभाऊ त्यांच्या सासरवाडीला यवतला चाललेत, ते तिला वाटेत सोडतील.

आता नीट वाचा. लेन्स ती स्वतः घालते आणि काढते, आता तिचा हात बसलाय. पण जत्रेच्या दिवशी लेन्स नाहीत, चष्मा. हळदीची पूड हवेत असते, ती लेन्सखाली गेली की डोळा खरचटतो. तिने चष्मा लावून खुशाल मूठ उधळावी. एका दिवसाच्या चष्म्याने काही बिघडत नाही, असं बाईंनी सांगितलंय.

मला मूठ ठाऊक आहे, आप्पा. मल्हारच्या हातून उधळताना मी पाहिलीय. म्हणून तर पाठवते.

घर चार दिवस रिकामं राहील. मला त्याची सवय नाही, पण माझं काय एवढं. लोभ आहेच, तो असाच राहो.

आपली,
मोनिका


शिरूर, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
नमस्कार.

जत्रेच्या दिवशी मी यवतच्या दवाखान्यात धावत आले, तेव्हा तुम्ही बाकावर बसून होतात आणि मी तुमच्याशी न बोलता पोरीला घेऊन निघाले. तेव्हापासून तुमचं पत्र नाही. म्हणून मीच लिहिते.

प्रांजलच्या उजव्या डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा आलाय. थेंब चालू आहेत. बाई म्हणतात, की भरून येईल आणि नजरेला धोका नाही. पण त्यांनी तपासून सांगेपर्यंत लेन्स बंद.

मला वाटलं होतं, लेन्स घालायचा हट्ट पोरीनेच केला असेल. काल तिने खरं सांगितलं. आप्पा म्हणाले, की चष्मा पिशवीत ठेव आणि लेन्स घाल, पाहुण्यारावळ्यांत चष्मा लावून उभी राहू नकोस. हे सांगतानाही ती तुमचीच बाजू घेत होती. भंडारा डोळ्यात गेल्यावर वस्तीवरची अनसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तर हिनेच तिला थांबवून आधी लेन्स काढली, मग डोळा धुऊ दिला. नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते तुम्हाला मी लिहून कळवलं होतं.

मी रागावलेय. लपवत नाही. इतक्यात तिला तिकडे पाठवणार नाही.

मोनिका


राहू, १९ ऑक्टोबर २०२५

चि. मोनिकास,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. अनसाबाई आदल्या दिवशी म्हणाली होती, की पोरीला चष्मा म्हंजी उद्या सोयरिकीला अडचण, आन् समद्या पाहुण्यांम्होरं कशाला दाखवता. मला ते पटलं. चारचौघांत आपलं लेकरू उणं दिसू नये, एवढंच डोक्यात बसलं. तुझं पत्र खिशात होतं, वाचलेलं होतं.

ज्या पाहुण्यांसाठी चष्मा काढायला लावला, ते जेवून आपापल्या गावी गेले. पोरीचा डोळा कसा आहे, हे विचारायला त्यातला एकही आला नाही. तो बाक मला अजून आठवतो. प्रांजल डोळा मिटून माझा हात धरून बसली होती आणि मलाच म्हणत होती, की घाबरू नका.

तिला पाठवू नकोस. मीच सांगतो. तिला माझ्यावर सोपवावं, असा मी वागलो नाही. इथे सगळं ठीक आहे. ठीक आहे असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर संध्याकाळ सरत नाही.

डोळ्याचं काय झालं, तेवढं एका ओळीत कळव.

आप्पा


शिरूर, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळा पूर्ण बरा झाला. बाईंनी लेन्स पुन्हा सुरू केल्यात. एका ओळीत कळवायचं ते कळवलं. आता पुढचं.

बाई म्हणाल्या, की लेन्सबरोबर रोज दोनेक तास उघड्यावर खेळणंही पाहिजे, तेही डोळ्यांना लागतं. मी मान हलवून आले. मी कंपनीच्या बसमधून उतरते तेव्हा अंधार पडलेला असतो. तोवर प्रांजल शाळेतून येऊन आतून कडी लावून बसते. तिला मीच तसं शिकवलंय. परवा मी आले तर ती खिडकीच्या गजांना तोंड लावून खालच्या पोरांचा खेळ बघत होती. राहूत असती तर माळावर असती, हे मला कुणी सांगायला नको.

तुम्ही या. चार दिवसांसाठी नाही, राहायला. तिला शाळेतून आणायचं आणि मैदानावर न्यायचं. लेन्सला तुम्ही हात लावायचा नाही, ते ती बघेल.

हे पोरीसाठी म्हणून लिहायला बसले होते. पण आप्पा, मल्हारचं नाव घेऊन बोलावं असं या गावात मला एक माणूस नाही. वर्षात कुणी विचारलं नाही, की तो कसा होता. तुम्ही आलात तर न विचारताही चालेल.

राग होता तो गेला. वाट बघते.

तुमची लेक,
मोनिका


राहू, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मोनिकास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

मेंढरं हनुमंताच्या कळपात घातली. कुत्रंही त्याच्याकडेच. गुरुवारच्या एस.टी.ने येतो. शिरूरला उतरल्यावर मला कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही, तेव्हा समोर येऊन उभ्या राहा.

निघायचं ठरलं तेव्हा ध्यानात आलं, की घराला लावायला कुलूपच नाही. या घरात कायम कुणी ना कुणी असायचंच, म्हणून ते कधी घेतलंच नव्हतं. काल यवतला जाऊन आणलं. त्याला दोन किल्ल्या आल्या. एक मी करदोट्याला बांधली. दुसरी तुझी.

आप्पा