कव्हरवरचा हात

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय डबड्या,

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतंय कोण. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त करून घेतला. ड्रमचा आवाज अडवायला तू खोलीच्या भिंतीवर लावलेले पुठ्ठेही काढले, त्यांच्यामागे झुरळांनी संसार थाटला होता. सध्या घरीच असते, म्हणून साठलेली कामं उरकतेय.

ताईनं परवा फोनवर बातमी वाचून दाखवली. टेक्निकल डेथ मेटल, म्हणजे तुमच्या त्या कर्कश संगीताचे उल्लेखनीय अल्बम, आणि त्यात तुमच्या बँडचा ‘मांसगणित’. तुझ्या आईला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण लेकाचं नाव छापून आलं म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते. मी “हो का, छान” म्हटलं, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले.

गैरसमज करून घेऊ नकोस. तुझ्या संगीताची मला किळस कधीच नव्हती. ताईच्या बिल्डिंगमधली माणसं तुझ्या ड्रमला विटली तेव्हा तू माझ्या हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला आलास. “मावशी, तुझे शेजारी काही बोलणार नाहीत?” तू विचारलंस. मी म्हटलं, “शेजारी शवागार आहे. वाजव लेका, आजवर एकही तक्रार आलेली नाही.” दोघंही पोट धरून हसलो होतो.

मग तू मला एकेक अल्बम ऐकवायचास. एकातली बास गिटार पाण्यासारखी वळणं घेत वाहायची. दुसऱ्यात दोन गिटारी एकमेकींचं बोलणं तोडत भांडायच्या, आणि तरी दोघी एकाच ठोक्यावर येऊन थांबायच्या. “सगळं मोजून केलेलं असतं मावशी, घाण नुसती वरवरची,” तू म्हणायचास. मला ते पटायचं. आमचं शवागारातलं कामही तसंच. वास, रक्त, घाण सगळं असतं, पण टाका जिथल्या तिथेच पडावा लागतो. तुमच्या गाण्यातलं यकृत डावीकडे निघालं तेव्हा मीच तुला चिडवलं होतं. ते रक्त खोटं होतं, म्हणून हसू यायचं.

‘मांसगणित’चं कव्हर मी ताईच्या फोनच्या आधीच पाहिलं होतं. गेल्या महिन्यात एक बाई ते घेऊन शवागाराच्या खिडकीशी आली. दातांच्या कवळ्या बनवते. रेकॉर्डच्या दुकानाच्या काचेत तिला ते दिसलं, आत गेली आणि विकत घेऊन आली.

“हा माझ्या आईचा हात आहे,” ती म्हणाली.

“अहो, हातासारखे हात असतात,” मी म्हटलं.

तिनं नखांवर बोट ठेवलं. तीन रंगवलेली, दोन कोरी. “मीच लावत होते. चौथं नख घेतलं आणि आई खुर्चीतून खाली आली.”

मला ती नखं आठवली. तिच्या आईला पोस्टमॉर्टेमनंतर मीच शिवलं होतं, मीच पुसून झाकलं होतं. फोटोतला टेबलाचा चेपलेला कोपरासुद्धा आमचाच. त्या दुपारी तू माझा डबा घेऊन आला होतास, आणि मी सहीसाठी ऑफिसात गेले होते. तेवढ्या वेळात तू फोटो उरकलास.

लगेच तुला फोन केला. वाटलं, हादरशील. तू काय म्हणालास? “चेहरा कुठे दिसतोय मावशी? हात कुणाचाही असू शकतो. लोकांना खरं हवं असतं.” आणि वर, “कुणी विचारलंच तर मेणाचा होता म्हणून सांग.”

सबंध आयुष्य मी कुजलेल्या, फुगलेल्या, पाण्यातून काढलेल्या माणसांना हात लावला. कधी नाक मुरडलं नाही. पण तुझं ते ‘मेणाचा’ ऐकलं आणि फोन हातात धरवेना. साबणानं हात धुतले. जात नाही रे ते.

चौकशी झाली. डॉक्टरांनी विचारलं, मी खरं तेच सांगितलं. घरी असते म्हणजे कामावरून बसवलंय मला. ताईला हे माहीत नाही. तिला गुडघ्याचं कारण सांगितलंय, कारण सध्या ती खूश आहे आणि तिच्या घासात खडा टाकायला मला जमत नाही.

रविवारी ती कवळ्यावाली बाई घरी आली. मला वाटलं, तोंडाला येईल ते बोलेल. पाणी प्यायली. मग म्हणाली, “मावशी, एकच सांगा. त्यानं फोटो काढला तेव्हा आई उघडी होती, की त्यानं चादर ओढली?”

डबड्या, मी कुणालाही उघडं टाकून पाठ फिरवत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मी तिथे नव्हते. म्हटलं, “ते त्यालाच विचारा.” आणि तुझा पत्ता दिला.

शनिवारी सकाळी येईल. एकटीच येणार आहे, पोलीस नाहीत, भाऊबंद नाहीत. आधी वाटलं, तुला कळवूच नये. पण तू पळून जाशील असं मनात आलं, आणि तुझ्याबद्दल असं मनात यावं याचीच लाज वाटली. म्हणून लिहितेय. दार उघड. तिला आधी बसायला खुर्ची दे. मग ती विचारेल त्याचं खरं उत्तर दे, ते कितीही घाण असलं तरी.

दरवेळी शेवटी आशीर्वाद लिहिते. आज पेन तिथवर नेलं आणि उचललं. शनिवार होऊ दे.

मावशी